तापीच्या मुखाशी मुलांसह एक दिवस

नमस्कार श्रोतेहो. खानदेशाला समुद्रकिनारा नाही, हे खरे असले तरी आपल्या शिवारात पडणारे पावसाचे पाणी अखेर समुद्रालाच मिळते आणि तो समुद्र नंदुरबारहून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर आहे. लहान मुलांना घेऊन त्या किनाऱ्यावर एक दिवस कसा घालवावा, याविषयी आज मी बोलणार आहे.

धुळ्याच्या मुलाने पांझरा पाहिलेली असते, अमळनेरच्या मुलाने बोरी, शहाद्याच्या मुलाने गोमाई, तर चाळीसगाव-भडगावकडच्या मुलांना गिरणा ओळखीची असते. या साऱ्या नद्या तापीला मिळतात. मध्य प्रदेशातल्या मुलताई येथे उगम पावलेली तापी ७२४ किलोमीटरचा प्रवास करून सुरतेजवळ खंबातच्या आखातात शिरते. सहलीच्या आदल्या रात्री आजीने किंवा वडिलांनी नकाशा उघडून मुलाच्या बोटाने ही वाट गिरवून घेतली, तर दुसऱ्या दिवशी समोर दिसणाऱ्या पाण्याशी त्याचे नाते आधीच जुळलेले असते. आपल्या मुलांसाठी हा किनारा निवडावा असे मला वाटते, ते याच कारणाने.

भुसावळ-सुरत रेल्वेमार्ग अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली असा जातो. नंदुरबारहून सुरत साधारण १६० किलोमीटर असल्याने पहाटे निघून रात्री परतणे शक्य आहे, परंतु जळगाव-भुसावळच्या कुटुंबांनी लहान मुलांसह एकाच दिवसात जाऊन येण्याचा हट्ट धरू नये. रात्रीच्या गाडीने जावे किंवा सुरतेत मुक्काम करावा. जाताना नवापूर स्थानक मुलांना आवर्जून दाखवावे. हे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, आणि फलाटावरच्या एका बाकाच्या मधोमध दोन्ही राज्यांची सीमा जाते.

सुरतेपासून सुमारे २० किलोमीटरवर डुमसचा किनारा आहे आणि तेथील वाळू काळसर आहे. ज्या काळ्या कातळावर आपली कपाशीची आणि केळीची शेते उभी आहेत, त्याच दख्खनच्या कातळाची झीज तापी शतकानुशतके वाहून नेत आली आहे. या खडकात लोहयुक्त कण असतात, म्हणून मुलाच्या हातात एक छोटे लोहचुंबक द्यावे आणि कोरड्या वाळूतून ते फिरवू द्यावे. चुंबकाला चिकटलेले काळे कण कागदावर झटकण्यात मुले कितीतरी वेळ रमतात.

मात्र दिवसाचे वेळापत्रक आपण ठरवायचे नसते, ते समुद्र ठरवतो. खंबातचे आखात नरसाळ्यासारखे आत निमुळते होत गेल्याने तेथे भरती-ओहोटीचा फरक मुंबईपेक्षा बराच मोठा असतो. किनारा सपाट असल्यामुळे ओहोटीला पाणी फार दूर जाते, मागे चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात, आणि भरती सुरू झाली की तेच पाणी पाहता पाहता परतते. दोन भरत्यांमध्ये सुमारे साडेबारा तासांचे अंतर असते, त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. लहान मुले बरोबर असताना ते दिवस टाळावेत. तिथीवरून भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला हिशेब इथे लावू नये, कारण आखातात पाणी वेगळ्या वेळी चढते. सुरतेच्या भरतीचे तक्ते मोबाईलवर मिळतात. ते पाहूनच तारीख ठरवावी आणि शक्यतो भरती ओसरू लागल्यानंतरचे तास किनाऱ्यासाठी ठेवावेत.

ओहोटीच्या काठावर मुलांना पाहण्यासारखे पुष्कळ असते. अगदी लहान खेकडे वाळू चाळून तिच्या बारीक गोळ्या बिळाभोवती मांडून ठेवतात. चिखलात निवटी नावाचे मासे पाण्याबाहेर येऊन परांच्या आधाराने सरकतात आणि पावले वाजली की बिळात गडप होतात. हे सारे काठावरूनच पाहावे. चिखलात उतरू नये आणि मुलांचे पाणी घोट्याच्या वर जाऊ देऊ नये, याबाबत मी कोणतीही सवलत देणार नाही. प्रत्येक लहान मुलामागे एक मोठे माणूस असावे आणि त्याने त्या वेळी दुसरे काहीही, अगदी छायाचित्रेसुद्धा, काढू नयेत. मामा थकला की मावशीने पाळी घ्यावी. मुलाच्या खिशात पालकांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी.

खाण्यासाठी घरच्या मेथीच्या दशम्या, तिळाची चटणी, मुरमुरे आणि आपली केळी पुरेशी आहेत. पिण्याचे पाणी मात्र वाटते त्याच्या दुप्पट घ्यावे, कारण खाऱ्या वाऱ्यात मुलांना तहान लागल्याचे पटकन समजत नाही. दिवाळीनंतरपासून माघापर्यंतचे दिवस या सहलीला उत्तम.

मुले थोडी मोठी, सात-आठ वर्षांची असतील, तर नवसारीजवळची दांडी निवडावी. डुमस आणि दांडी एकाच दिवशी उरकण्याचा मोह होतो, पण वाटेत खाड्या आडव्या येत असल्याने नकाशावरचे अंतर फसवे ठरते आणि मुले गाडीतच कंटाळतात. महात्मा गांधींनी १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघून ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचलले. २०१९ मध्ये खुल्या झालेल्या तेथील स्मारकात गांधीजींबरोबर चालणाऱ्या ८० सत्याग्रहींचे पुतळे आहेत. त्याच १९३० साली आपल्या अमळनेरच्या शाळेतली शिक्षकाची नोकरी सोडून साने गुरुजी कायदेभंगाच्या चळवळीत उतरले, ही गोष्ट त्या पुतळ्यांसमोर उभे राहून मुलांना सांगावी. खानदेशापासून दूर वाटणारा इतिहास तेव्हा त्यांच्या घराजवळ येतो.

परत निघण्यापूर्वी मुलांचे पाय गोड्या पाण्याने धुऊन कपडे बदलावेत आणि दांडीला गेला असाल तर एक बाटली समुद्राचे पाणी भरून घ्यावी. घरी ते गाळून पसरट थाळीत गच्चीवर ठेवावे. खुल्या समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. नद्यांच्या मुखांजवळ ते कमी भरतात. आपल्या उन्हात पाणी आटून थाळीच्या तळाशी पांढरे कण उरले, की मुलांना ते तराजूवर तोलायला लावावेत आणि पाणी किती घेतले होते, मीठ किती निघाले, हा हिशेब त्यांच्याच वहीत लिहून घ्यावा. नमस्कार.