फुफ्फुस दुखत नाही

दात किडला की ठणकतो. मूतखडा अडकला की माणूस गडाबडा लोळतो. फुफ्फुसाचं तसं नाही. त्याच्या आतल्या स्पंजासारख्या भागात वेदना कळवणारे तंतू जवळपास नसतातच. कॅन्सरची गाठ वाढत राहते, आणि वरून सगळं आलबेल. ती फुफ्फुसावरच्या आवरणाला किंवा बरगडीला भिडली, की मग छातीत दुखू लागतं.

तोवर ज्या खुणा दिसतात, त्या बऱ्याचदा भलत्याच ठिकाणी.

आवाजाचंच घ्या. स्वरयंत्राकडे जाणारी डावी नस सरळ तिथे जात नाही. आधी छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीला खालून वळसा घालते आणि मग गळ्याकडे वर चढते. त्या वळणावर गाठ दाबू लागली की आवाज घोगरा होतो. माणूस आठवडेच्या आठवडे मिठाच्या गुळण्या करत बसतो.

फुफ्फुसाच्या शेंड्यावरची गाठ खांदा धरते. कळ दंडातून करंगळीपर्यंत उतरते, कधी त्याच बाजूची पापणीही झुकते. मानेच्या मणक्याचं दुखणं समजून शेक चालू राहतो.

आता बोटं पाहा. दोन्ही हातांच्या तर्जनी वाकवा आणि नखाला नख टेकवा. मधे पत्त्यांतल्या चौकटसारखी बारीक फट दिसते. बोटांची टोकं फुगली असतील तर ती बुजते. दक्षिण आफ्रिकेचे हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांनी 1976 साली ही खूण नोंदवली, तीही स्वतःच्या बोटांवरून. त्यांना हृदयाचा संसर्ग झाला होता. म्हणजे फट बुजली की कॅन्सरच, असं नाही. पण तपासणी हवी.

राहिला खोकला. तीन आठवडे उलटूनही तो हटत नसेल तर डॉक्टर गाठावा. सिगारेट ओढणाऱ्याला खोकल्याची सवयच असते. त्याने खोकल्याची जात बदलली का ते बघावं. बेसिनमध्ये कफात लाल धागा दिसला, अगदी एकदाच, तरी ‘हिरडीतलं असेल’ म्हणत नळ सोडू नये. दम लागणं, वजन उतरणं, एकाच जागी पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होणं, हेही सांगावं. आणि हो, कधीच सिगारेट न ओढलेल्यांनाही हा आजार होतो.

बहुधा आधी एक्स-रे काढतात. त्यात छोटी गाठ हृदयाच्या सावलीत लपून राहू शकते. फिल्म स्वच्छ आली आणि खोकला मात्र तसाच, तर सीटी स्कॅनचं आपणहून विचारावं.