खिडकीचा जुना ऑइल पेंट खरवडण्याआधी

[दृश्य: लाकडी खिडकीचा पल्ला, अगदी जवळून. नखाएवढा पोपडा चिमट्यात.]

कडेनं पाहिलं तर या पोपड्यात पाच थर दिसतात. म्हणजे खिडकीला पाच वेळा रंगाचा हात दिलाय. वरचा हिरवा अलीकडचा. विषारी शिसं (लेड) असल्याची शंका घ्यायची ती खालच्या पिवळ्या थराची आणि तळातल्या पांढऱ्याची. जुन्या पिवळ्या-केशरी ऑइल पेंटची झळाळी बहुतेकदा लेड क्रोमेटची असे. जुन्या पांढऱ्या रंगातला सफेता हा शिशाचाच क्षार. गजांना गंज लागू नये म्हणून मारायचे त्या शेंदरी प्रायमरमधला शेंदूर, तोही शिशाचा.

भारतात घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत ठेवायचं बंधन १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झालं. त्याआधीच्या ऑइल पेंटवर, त्यातही भडक छटांवर, भरवसा ठेवू नका. भिंतीवरचा चुना किंवा डिस्टेंपर ही त्यामानानं कमी काळजीची गोष्ट. बघायचं ते दारं, खिडक्या, गज, पाळणे आणि कठड्यांकडे. १९०४ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी मुलांच्या विषबाधेचा माग काढला तो व्हरांड्याच्या रंगवलेल्या कठड्यांपर्यंतच. रंगाची भुकटी हाताला लागते आणि हात तोंडात जातो. चाळीच्या गॅलरीत दुसरं काय होतं?

तरीही घट्ट बसलेला रंग स्वतःहून फारसं काही करत नाही. पॉलिश पेपर हातात घेऊन धोका तयार करतो तो आपण.

[दृश्य: एक फूट लांब-रुंद चौकोन खडूनं आखलेला.]

हिशेब करू. दर चौरस सेंटीमीटरला १ मिलिग्रॅम शिसं असलं, की अमेरिकेत तो शिशाचा रंग धरतात. हा चौकोन ९२९ चौरस सेंटीमीटरचा. एवढाच कोरडा घासला आणि धूळ दहा बाय दहाच्या खोलीत सारखी पसरली, तर फरशीच्या दर चौरस फुटावर सुमारे ९,३०० मायक्रोग्रॅम शिसं बसेल. काम संपल्यावर फरशीवर किती चालेल, याची तिथली मर्यादा २०२१ मध्ये १० मायक्रोग्रॅम झाली. २०२४ च्या नियमानं ती ५ वर आणली.

म्हणून इलेक्ट्रिक सँडर आणि ग्राइंडर नकोत. ब्लो लॅम्प तर नकोच: ज्योतीनं रंग मऊ होतो तसं शिसंही वाफ होऊन हवेत जातं, आणि ती वाफ कापडी रुमालातून आरामात आत शिरते. घाम येतो म्हणून लावलेला पंखा ही सगळ्यांत हमखास होणारी चूक.

बाजारातल्या चाचणीकाडीचा रंग बदलला तर शिसं असण्याची शक्यता आहे. नाही बदलला तर निश्चिंत होऊ नका. काडी वरवर घासली तर वरचाच थर तपासला जातो, त्यामुळे लाकडापर्यंत तिरका छेद घ्यावा लागतो. पोपडा प्रयोगशाळेत दिलेला बरा.

रंग शाबूत असेल तर धुवा, वाळवा, प्रायमर मारून वरून नवा हात द्या. खरवडायचं फक्त सुटलेलं, आणि पल्ला चौकटीला घासतो ती कड. कारण तिथं दर उघड-मिटीला पीठ पडतं.

[दृश्य: बिजागऱ्यांचे स्क्रू काढून पल्ला प्लास्टिकवर आडवा ठेवलेला.]

मुलं आणि गरोदर बाई घरात नकोत. दुसऱ्या खोलीत नव्हे, घरातच नकोत, सफाई होईपर्यंत. सामान बाहेर काढा. फरशीवर १५० मायक्रॉनचं प्लास्टिक, खिडकीपासून किमान सहा फूट, कडा टेपनं चिकटवलेल्या. चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ किंवा त्याहून वरचा मास्क.

आता पाणी. स्प्रे बाटलीत पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. साबणामुळे पाणी ऑइल पेंटवरून ओघळून न जाता पसरतं. वीतभर जागा भिजवा, मिनिटभर थांबा, पत्ती चालवा. खरवड ओल्या साईसारखी गोळा झाली पाहिजे. पत्तीखाली करकर ऐकू आली, की कोरडं पडलंय. थांबा, पुन्हा फवारा. उरलेल्या कडा वॉटर पेपरनं, तोही ओलाच. लांबी (पुट्टी) भरायची ती नंतर.

केरसुणी लावायची नाही. साध्या व्हॅक्यूमची मागची हवा बारीक धूळ परत खोलीत सोडते, म्हणून हेपा फिल्टरचाच हवा. तो नसेल तर दोन बादल्या, एक साबणाची आणि एक स्वच्छ, आणि फडकी दर वेळी नवी. प्लास्टिक आतल्या बाजूला दुमडून दुहेरी पिशवीत, पाणी शौचालयात. तुळशीच्या बुंध्याशी किंवा अंगणात नाही. अंगावरचे कपडे वेगळे धुवा.

गिळलेल्या शिशातलं निम्म्याच्या आसपास लहान मूल शोषू शकतं, मोठं माणूस दहाव्या हिश्शाच्या आसपास. लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर आणखी. मुलाच्या अंगात शिसं गेलं तरी बहुधा वरून काहीच दिसत नाही. कळतं ते रक्ताच्या तपासणीतून. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त निघालं, तर जागतिक आरोग्य संघटना शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करायला सांगते.

[दृश्य: परसदारी तांब्याचा बंब. शेजारी मोडक्या चौकटीच्या ढलप्या.]

राहिलं ते लाकूड. सुतार जुनी चौकट काढून ठेवतो आणि ती बंबात जाते. रंग जळतो, थोडं शिसं धुरात जातं, बाकीचं राखेत उरतं. त्याच राखेनं भांडी घासली जातात, उरलेली अळवाच्या वाफ्यात पडते. ही ढलपी बंबाजवळ ठेवूच नका.