देव्हाऱ्याला काचपेपर लावण्याआधी हे बघा

नमस्कार मंडळी! हा आमचा देव्हारा. सागवानी, सासूबाईंच्याही सासूबाईंच्या वेळचा. बघा कसा काळाकुट्ट झालाय. घरी येणारा जो तो सांगतो, घासून काढ आणि वर मस्त ऑइलपेंट मार. ऑइलपेंटवाल्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

जरा जवळून बघा. ही कड मी नखाने खरवडते... हे नखात आलं ना, ते लाकूड नाही. समईचं तेल, काजळी, उदबत्तीचा धूर, यांचा चिकट राप आहे हा. खालचं लाकूड ठणठणीत आहे.

पहिल्या खेपेला मला हे कळलं नव्हतं. दुसरा एक छोटा देव्हारा मी काचपेपरने घासला. राप गेला, पण कमळाच्या पाकळ्याही गेल्या. आता तिथे कमळ कमी, बटाटा जास्त दिसतो.

तर आधी देव पाटावर. समई बंद, खिडक्या उघड्या, कारण आज हाताशी टर्पेंटाइन आणि स्पिरिट आहे, दोन्ही भसकन पेटतात. टर्पेंटाइनने ओलं केलेलं फडकं दहा मिनिटं रापावर ठेवायचं, मग पुसायचं. नक्षीत जुना टूथब्रश. अगदी कोपऱ्यात बांबूची काडी. सुरी, स्क्रू-ड्रायव्हर अजिबात नाही.

हळदीचे डाग मात्र घासून जाणार नाहीत. त्यांना कोवळं ऊन दाखवा, हळदीचा रंग उन्हाने उडतो. दुपारच्या रणरणत्या उन्हात विसरलात तर सांधे उकलतील.

आता परीक्षा. मागच्या बाजूला स्पिरिटचा बोळा मिनिटभर दाबून धरते. बघा, चिकटला, आणि तांबूस झाला! म्हणजे हे लाखेचं पॉलिश. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या किड्यांची ही लाख, आणि तिची गंमत अशी की कितीही वर्षांनी ती स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून जुना थर खरवडायची गरजच नाही, नवा थर त्यातच मिसळतो. तुमचा बोळा कोराच राहिला तर वर मेलामाइन किंवा पीयू (पॉलीयुरेथेन) असं नव्या प्रकारचं पॉलिश असणार. तिथे ही युक्ती चालत नाही.

शंभर ग्रॅम चपडी, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, अर्धा लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून गाळून घेतलीय. आत कापूस, बाहेर जुन्या धोतराचा तुकडा, असा बोळा. हात हलका आणि सतत फिरता. एका जागी थांबलात की खालचं पॉलिश उचकटून येतं. हे काम पावसाळ्यात काढू नका, दमट हवेत थर पांढरट पडतो.

चार हात झालेत. सागाच्या रेषा दिसायला लागल्या, बघा! अजून दोन हात उद्या. सासूबाई दोनदा येऊन विचारून गेल्यात, देव पाटावर किती दिवस? परवापर्यंत, आई.