ओठांभोवतीच्या मुंग्या

श्रोतेहो, नमस्कार.

घराबाहेर पडताना मी आधी पर्समधली कॅल्शियमची डबी चाचपते, मग किल्ली. गेली ११ वर्षं हेच चाललंय. गलगंडामुळे माझी थायरॉइड पूर्ण काढावी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओठांभोवती मुंग्या आल्या, मग बोटांच्या टोकांना. अशक्तपणा असेल, असं सगळेच म्हणाले. दुपारी नर्सने बीपी बघायला दंडाला पट्टा बांधून हवा भरली आणि माझा हात आपोआप वळला. मनगट आत वाकलं, अंगठा तळव्याकडे ओढला गेला, बाकीची बोटं रांगोळीची चिमूट धरावी तशी ताठ जुळली. काही केल्या सुटेनात. त्या नर्सने ओळखलं आणि धावत डॉक्टरांना आणलं. रक्तातलं कॅल्शियम ६.५ झालं होतं. ते साधारण ८.५ ते १०.५ असावं लागतं.

थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुतेकांना चार, ग्रंथी असतात. त्या पॅराथायरॉइड, म्हणजे परावटु. त्यांचं संप्रेरक हाडांतलं कॅल्शियम रक्तात आणतं, मूत्रपिंडाला ते वाया घालवू देत नाही आणि ड जीवनसत्त्वाला कामाला लावतं. ऑपरेशनमध्ये या ग्रंथी निघून गेल्या किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटला की हे सगळं अडतं. बऱ्याच जणांचं थोड्या दिवसांत पूर्ववत होतं. वर्षभरानंतरही झालं नाही, तर तो कायमचा हायपोपॅराथायरॉइडिझम, म्हणजे परावटुंच्या संप्रेरकाची कमतरता. मला तोच आहे. मोठ्या माणसांत मानेचं ऑपरेशन हेच त्याचं मुख्य कारण. काहींना मात्र ऑपरेशनशिवायही होतो. त्यांतल्या काहींना झटके येतात आणि कधी कधी वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या चालू राहतात, कारण कॅल्शियम तपासायचं कुणाला सुचलेलं नसतं. याचं मला फार वाईट वाटतं. साधी रक्ततपासणी आहे ती.

माणसातल्या या ग्रंथींचं वर्णन स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉमने १८८० साली छापलं. त्याआधी इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांना त्या दिसल्या होत्या लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका गेंड्यात, आणि तो गेंडा होता आपल्या भारतातला! तरी आजही मी आजाराचं नाव सांगितलं की समोरचा म्हणतो, "हां, थायरॉइड ना? आमच्या वहिनींनाही आहे."

आता रोजचं जगणं सांगते. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी. तिच्यानंतर चार तास कॅल्शियम घ्यायचं नाही, नाहीतर ती नीट लागू पडत नाही. माझं कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबरच घ्यावं लागतं, म्हणजे उपवास आला की घोटाळा. जुलाब झाले तरी तेच, गोळ्या अंगी लागतच नाहीत. गोळ्या वाढवाव्यात, तर संप्रेरक नसल्यामुळे जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे जातं आणि मुतखडा होतो, मूत्रपिंडं बिघडतात. म्हणून डॉक्टर आमचं कॅल्शियम खालच्या काठाशीच ठेवतात. अधूनमधून २४ तासांची लघवी कॅनमध्ये जमवून तपासायला द्यायची, ते वेगळंच.

एवढं सांभाळून रिपोर्ट ८.४ येतो. "छान आहे," म्हणतात. आणि त्याच दिवशी मी कणिक मळताना मीठ घातलं की नाही ते आठवत उभी असते. ओळखीच्या बाईचं नाव जिभेवर येत नाही. दोन जिने चढले की पाय लोळागोळा होतात. रात्री पोटरीत गोळा येऊन जाग येते आणि मग उगाचच छातीत धडधडतं. पुष्कळ दिवस मला वाटायचं, मीच आळशी झालेय. पण या रुग्णांच्या जगण्याचा अभ्यास झालाय. रक्तातलं कॅल्शियम ठीक असतानाही थकवा, चिंता, लक्ष न लागणं हे सगळं त्यांत नोंदलेलं आहे. ते कळलं त्या दिवशी मी रडले, सुटल्यासारखी.

गोळ्या कॅल्शियम भरून देतात, संप्रेरकाची जागा भरत नाहीत. ते संप्रेरकच इंजेक्शनाने देण्याचे प्रयत्न चालू आहेत. २०१५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं एक औषध २०२४ च्या अखेरीस बनवणं थांबलं. रोज एकदा घ्यायच्या दुसऱ्या एका औषधाला तिथे २०२४ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे अजून बहुतेकांची भिस्त गोळ्यांवरच आहे.

थायरॉइडचं ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांना आधीच विचारा, "माझं कॅल्शियम कधी आणि किती वेळा तपासणार?" घरी आल्यावर ओठांना मुंग्या आल्या, हात वळायला लागले, तर उद्यावर ढकलू नका. आणि तुमच्या घरात असा रुग्ण असेल तर रिपोर्ट काय आला एवढंच विचारून थांबू नका. माझी लेक शाळेतून आली की माझे हात हातात घेते आणि बोटं हलवून बघते. मग विचारते, "आज कसं गं वाटतंय?" तिला खरं उत्तर देता येतं. तेच मी आता वहीत लिहून ठेवते, आणि पुढच्या तपासणीला ती वही डॉक्टरांपुढे ठेवणार आहे.

नमस्कार.