वॉर्डाच्या दाराबाहेर

नमस्कार श्रोतेहो.

वैद्यकीय विद्यार्थी हा रुग्णालयातला असा माणूस, की ज्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही. सफाईचे मामा आले नाहीत तर तासाभरात बोंब होते. सिस्टर आल्या नाहीत तर ड्यूटीचा अख्खा तक्ता कोलमडतो. विद्यार्थी आला नाही तर हजेरीपटावर एक फुली पडते, बस्स. एरवी हे कुणाला खुपत नाही, विद्यार्थ्याला तर नाहीच नाही. पण साथ आली की हा बिनकामाचा माणूस सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो. याचं करायचं काय? घरी पाठवायचं, की कामाला लावायचं? २०२० च्या मार्चमध्ये लंडनला मी हाच बिनकामाचा माणूस होते, म्हणून आज त्याच्याविषयी बोलणार आहे.

मी मिरजेची. एमबीबीएसची शेवटची परीक्षा झाली होती आणि इंटर्नशिप सुरू व्हायची होती. मधल्या सुट्टीत मी पूर्व लंडनमधल्या एका मोठ्या रुग्णालयात इलेक्टिव्हसाठी, म्हणजे दुसरीकडे जाऊन काही आठवडे घ्यायच्या प्रशिक्षणासाठी गेले. इंग्लंडमधल्या मुलांच्या अभ्यासक्रमातच इलेक्टिव्ह असते. काही आठवडे ती आफ्रिकेत, नेपाळात, आपल्याकडेही येऊन राहतात. आपल्या मुलांनी तिकडे जायचं तर पत्रव्यवहार, फी, व्हिसा सगळं ज्याचं त्याने बघायचं. बाबांनी पतसंस्थेतून पैसे उचलले. आई म्हणाली, "एकटी जाते आहेस, तर मेतकूट तरी ने." विभाग मिळाला भूलशास्त्र आणि अतिदक्षता. नियम सरळ होते. बघायचं, विचारायचं, आणि रुग्णाला हात लावायचा तो परवानगीने.

सुरुवातीचे दिवस फार छान गेले. तिथे व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका असते. आपल्या सरकारी रुग्णालयातून गेलेल्या माणसाला हे बघून आधी हेवा वाटतो, मग शंका येते, की एका माणसाशी ही बाई दिवसभर करते तरी काय? शेजारी उभं राहिल्यावर कळतं. नळीतला कफ ओढून काढणं, तोंड आतून पुसणं, डोळ्यांत मलम, दर काही तासांनी कूस बदलणं, पंपातून थेंबाथेंबाने जाणारी चार-पाच औषधं कमी-जास्त करणं, तासातासाच्या नोंदी. आणि हे करताना बेशुद्ध माणसाशी नावाने बोलणं. "मिस्टर अमुक, आता मी तुमचा हात उचलते आहे हं." डॉक्टर सकाळी येतो, आकडे बघतो, दोन बदल सांगतो आणि जातो. माणूस जगतो तो मधल्या तेवीस तासांत. हे मला कुठल्या पुस्तकात भेटलं नव्हतं.

११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. त्याच्या आगेमागे एके दिवशी आम्हा सगळ्यांना मास्कच्या मापासाठी बोलावलं. ही चाचणी गंमतशीर असते. मास्क लावायचा, डोक्यावर पारदर्शक टोप चढवायचा, आणि टोपाच्या भोकातून एक कडू फवारा आत मारतात. मग मान वळवा, वाका, मोठ्याने वाचा. फवाऱ्याची चव लागली नाही तर मास्क बसला. जिभेला कडू लागलं, तर कडेने हवा शिरते आहे आणि हवेबरोबर विषाणूही शिरणार. मला कडू लागलं. दुसऱ्या कंपनीचा मास्क दिला, पुन्हा कडू. माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या फिलिपिनो आणि मलयाळी सिस्टरांपैकीही बऱ्याच जणी नापास झाल्या. मास्कचे साचे घडले ते मोठ्या चेहऱ्यांच्या मापावर, आणि मास्क घालून रुग्णाच्या तोंडाशी तासन् तास उभं राहायचं ते या बायकांनी! त्यांच्यासाठी तिसऱ्या, चौथ्या कंपनीचे मास्क मागवले गेले. विद्यार्थिनीसाठी कोण मागवणार? आणि का मागवावेत? मास्क मोजून येत होते.

वॉर्डाच्या दाराशी एका मलयाळी सिस्टरने मला अडवलं. "मोळे, घरी जा," म्हणाली. मोळे म्हणजे पोरी. दोन दिवसांत रीतसर ईमेल आली, की बाहेरून आलेल्या सर्व विद्यार्थ्यांचं प्रशिक्षण थांबवण्यात येत आहे. राग आला का? आला. पण तो निर्णय बरोबर होता, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. त्या घटकेला मी म्हणजे एक वाया जाणारा मास्क आणि संसर्गाची एक जास्तीची शक्यता, यापलीकडे काही नव्हते. माझा प्रश्न पुढचा आहे. मी तेवढीच का होते?

घरी जा म्हणणं सोपं होतं. भारत सरकारने १८ मार्चपासून ब्रिटन, युरोपीय संघ आणि तुर्कस्तानातून येणाऱ्या प्रवाशांना बंदी केली, भारतीय नागरिकांनासुद्धा. २२ तारखेपासून आंतरराष्ट्रीय विमानंच थांबली. २३ मार्चला ब्रिटनमध्ये टाळेबंदी लागली आणि २५ ला आपल्याकडे. ब्रिटिश सरकारने अडकलेल्यांचे व्हिसा वाढवून दिले, ती एक काळजी मिटली.

मी राहत होते ईस्ट हॅममध्ये, एका गुजराती बेनच्या घरात. बेन लहानपणी युगांडातून हाकलल्या गेलेल्या कुटुंबातल्या. ईस्ट हॅम म्हणजे लंडनमधला असा भाग, की तिथे रस्त्यावर इडली, पराठा, कढीपत्ता सगळं मिळतं, आणि जिथे परदेशी डॉक्टर प्लॅबच्या, म्हणजे ब्रिटनमध्ये काम करण्यासाठी त्यांना द्याव्या लागणाऱ्या परीक्षेच्या तयारीला येऊन स्वस्तात राहतात. या परीक्षेचा दुसरा भाग फक्त मँचेस्टरला होतो. साथीमुळे तो रद्द झाला आणि थेट ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाला. त्यामुळे बेनच्या घरात खोल्याखोल्यांतून डॉक्टर अडकले होते. तेलंगणातली एक बालरोगतज्ज्ञ, लाहोरचा एक शल्यचिकित्सक, सुदानमधून आलेला एक भूलतज्ज्ञ. दहा-दहा वर्षं रुग्ण बघितलेली माणसं, आणि स्वयंपाकघरात पाळी लावून भांडी घासत होती. ब्रिटनने आपल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना लवकर पदवी देऊन, तात्पुरती नोंदणी करून कामावर घेतलं. निवृत्त डॉक्टरांना परत बोलावलं. आमच्या घरातल्या भूलतज्ज्ञाला मात्र परीक्षा झालेली नसल्यामुळे व्हेंटिलेटरला हात लावता येत नव्हता. नियमामागचं कारण मला कळतं. पण चीड यायची ती यायचीच.

कारण हे सगळं चाललं होतं न्यूहॅममध्ये. न्यूहॅम हा लंडनचा एक बरो, म्हणजे पालिकेचा विभाग, आणि ईस्ट हॅम त्यातच येतं. १ मार्च ते १७ एप्रिल या काळातल्या कोविड मृत्यूंचे आकडे ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने १ मे रोजी प्रसिद्ध केले. वय लक्षात घेऊन काढलेला दर इंग्लंड आणि वेल्समध्ये सगळ्यात जास्त न्यूहॅमचा होता, लाखामागे १४४. दाटीची घरं, बस चालवणारे, दुकानात उभे राहणारे, रुग्णालयात सफाई करणारे लोक. घरून काम करायची चैन त्यांना नव्हतीच. दर गुरुवारी रात्री आठ वाजता सगळं लंडन दारात येऊन आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी टाळ्या वाजवायचं. आमच्याही घरातले बेकार डॉक्टर दारात उभे राहून टाळ्या वाजवायचे. लाहोरचा डॉक्टर एकदा म्हणाला, "मी स्वतःसाठीच वाजवून घेतो, आगाऊ." त्या सुरुवातीच्या आठवड्यांत साथीने ब्रिटनमधले जे डॉक्टर गेले, त्यांत बाहेरच्या देशांत शिकून आलेले फार होते. कार्डिफचे हृदयशल्यचिकित्सक जितेंद्र राठोड मुंबई विद्यापीठातून १९७७ साली डॉक्टर झालेले, ते ६ एप्रिलला गेले. त्या रात्री घरात कुणी फारसं बोललं नाही.

आमच्यापासून फार लांब नाही अशा डॉकलँड्सच्या प्रदर्शन केंद्रात नऊ दिवसांत नाइटिंगेल रुग्णालय उभं राहिलं, आणि ३ एप्रिलला त्याचं उद्घाटन झालं. चार हजार खाटांपर्यंत नेता येईल अशी योजना होती. प्रत्यक्षात त्या पहिल्या लाटेत तिथे पन्नासएक रुग्णांवर उपचार झाले. लंडनमधल्या जुन्या रुग्णालयांनी आपापले अतिदक्षता विभाग वाढवले हे एक कारण, आणि नाइटिंगेलला पुरेशा परिचारिका मिळेनात हे दुसरं. एका रुग्णामागे एक परिचारिका हा नियम सैल करून सहा रुग्णांमागे एक तरबेज परिचारिका आणि तिच्या हाताखाली इतर, इथपर्यंत सूचना गेल्या होत्या. म्हणजे खाटा आल्या, यंत्रं आली, हात कुठून आणायचे?

एका रात्री भांडी पुसता पुसता सुदानी भूलतज्ज्ञाने मला कोपनहेगनची गोष्ट सांगितली. मी आता भूलशास्त्रातच काम करते, त्यामुळे ती नंतर मी बारकाईने वाचली. १९५२ चा उन्हाळा, कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं ब्लेगडॅम रुग्णालयात येत होती, आणि तिथे लोखंडी फुप्फुस, म्हणजे रुग्णाला आत झोपवून श्वास देणारं मोठं पिंप, होतं एक, शिवाय छातीवर बसवायची सहा छोटी यंत्रं. यंत्रावर ठेवलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण तीन दिवसांच्या आत दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावलं. त्याच्या सांगण्यावरून बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी घातली गेली, आणि भूल देताना वापरतात ती रबरी पिशवी हाताने दाबून त्याने तिला श्वास दिला. मुलगी वाचली. आता प्रश्न आला, की अशा डझनावारी मुलांच्या पिशव्या रात्रंदिवस दाबायच्या कोणी? विद्यार्थ्यांनी. वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय मिळून सुमारे पंधराशे विद्यार्थी पाळ्यापाळ्यांनी बसले. एका वेळी सत्तरपर्यंत रुग्ण त्यांच्या हातांवर जगत होते. एकूण एक लाख पासष्ट हजार तास भरले. मृत्यूचं प्रमाण निम्म्याखाली आलं, आणि त्यातूनच पुढच्या वर्षी जगातल्या पहिल्या अतिदक्षता विभागांपैकी एक कोपनहेगनमध्येच निघाला.

हे ऐकताना तुमच्यापैकी काहींना ओळखीचं वाटलं असेल. आपल्या सरकारी रुग्णालयांत व्हेंटिलेटर रिकामा नसला, की रुग्णाचा भाऊ, मुलगा, जावई रात्र रात्र बसून अंबू, म्हणजे श्वास देणारी तशीच पिशवी, दाबतो. ती अंबू बॅगसुद्धा डेन्मार्कचीच, १९५६ मधली. आपण नातेवाइकाला पाच मिनिटांत शिकवतो आणि एका जिवाची जबाबदारी त्याच्या मुठीत देतो. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मात्र "मागे उभा राहा" म्हणतो.

कोपनहेगनचे विद्यार्थी शूर होते, हे खरंच. पण ते उपयोगी पडले, कारण कुणीतरी त्यांना एक काम नेमून दिलं, शिकवलं आणि पाळी लावून दिली. लंडनच्या काही रुग्णालयांनीही एप्रिलपर्यंत आपापल्या विद्यार्थ्यांसाठी तशी कामं शोधली. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला पालथं करायला पाच-सहा माणसं लागतात, नळ्या सांभाळून. त्या टोळीत मुलं गेली. भेटायला बंदी असल्यामुळे रोज नातेवाइकांना फोन करून रुग्णाची हकिगत सांगायची, त्यात गेली. माझ्यासारखीला ना नोंदणी, ना कामाचा परवाना, त्यामुळे मी त्या यादीत नव्हते. मी स्वयंसेवकांच्या सरकारी ॲपवर नाव घातलं. साडेसात लाख लोकांनी घातलं होतं, माझा फोन वाजलाच नाही. मग बेननेच काम काढलं. "दीकरी, गल्लीतल्या म्हाताऱ्यांना १११ या आरोग्य हेल्पलाइनवरचं इंग्रजी समजत नाही, तू बोल." तिच्या देवळातल्या यादीवरून मी आणि तेलंगणाची डॉक्टर रोज फोन करायचो. ताप किती, लघवीला होते का, बोलताना धाप लागून वाक्य तुटतं का, ओठ काळसर दिसतात का. औषध सांगायचं नाही, हे पक्कं ठरलेलं. फक्त विचारायचं, आणि गरज दिसली की ॲम्ब्युलन्सला फोन लावून द्यायचा. निम्मा वेळ सुनेच्या तक्रारी ऐकण्यात जायचा. पण वाक्य मध्ये तुटणारा माणूस फोनवर ओळखायला मी तिथे शिकले. पुढे तेवढं कामाला आलं.

इकडे मिरजेत माझ्या वर्गातली मुलं इंटर्न म्हणून रुजू झाली होती. मार्चअखेरीस इस्लामपूरमध्ये एकदम दोन डझन रुग्ण निघाले आणि मिरजेचं सरकारी रुग्णालय कोविडसाठी राखीव झालं. मैत्रिणी पीपीई किट घालून नाकातले नमुने घेत होत्या, आणि मी लंडनमध्ये मेतकूटभात खात होते. परदेशात अडकलेल्यांना आणणाऱ्या 'वंदे भारत' मोहिमेचं लंडनहून पहिलं विमान १० मे रोजी पहाटे मुंबईत उतरलं. तिकीट पन्नास हजारांचं. मला नंतरच्या विमानात जागा मिळाली. हॉटेलातलं विलगीकरण संपवून उशिराने रुजू झाले, तेव्हा पहिलीच ड्यूटी लागली हेल्पलाइनवर. ती मला सोपी गेली, हे सांगायला नको.

३ मे २०२१ ला, दुसऱ्या लाटेच्या ऐन तडाख्यात, केंद्र सरकारने जाहीर केलं, की शेवटच्या वर्षाच्या एमबीबीएस विद्यार्थ्यांना देखरेखीखाली फोनवरून सल्ला देण्यासाठी आणि सौम्य रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी घ्यावं. योग्य होतं, पण साथीला वर्ष उलटून गेल्यावर. आधी एकदाही न शिकवलेलं काम, सगळ्यात वाईट आठवड्यात हातात दिलं.

आता माझ्या हाताखाली विद्यार्थी येतात. त्यांना मी पहिल्याच आठवड्यात कामाला लावते. अर्धा तास सलग अंबू दाबायचा, पुतळ्यावर. रुग्ण पालथा करताना कोण कुठे उभं राहणार, ते बोलून दाखवायचं. एका नातेवाइकाला, माझ्यासमोर, वाईट बातमी सोडून बाकीची हकिगत सांगायची. मास्कच्या मापाची चाचणी आमच्याकडे अजून होत नाही. मागणी लिहून दिली आहे, बघू.

कुणाची मुलगी किंवा मुलगा इलेक्टिव्हला परदेशी निघाला असेल आणि मला विचारलं, की पाठवावं का, तर मी पाठवा म्हणते. पण जाण्याआधी तिथल्या विभागाला एक पत्र लिहायला सांगते. आणीबाणी आली तर विद्यार्थ्याची जबाबदारी कुणाची, विमा साथीच्या आजाराला लागू आहे का, आणि काम थांबलं तर राहण्याचं काय? उत्तर नीट आलं तर तिकीट काढा. नाही आलं, तर दुसरं रुग्णालय शोधा, रुग्णालयं पुष्कळ आहेत.

नमस्कार.