उलटी तार

(जवळून: वूफरच्या, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, कडेवरून बोट फिरतंय.)

बोट नुसतं टेकवलं आणि कडं हातात आलं. काळपट, चिकट चुरा. हा पॉलियुरेथेन फोम. हवेतला ओलावा वर्षानुवर्षं त्यात मुरत राहतो आणि फोमची वीण आतून सुटत जाते. स्पीकर रोज वाजवा नाहीतर माळ्यावर झाकून ठेवा, पंधरा-वीस वर्षांत बहुतेक फोमची हीच गत होते. त्यामुळे ‘अजिबात वापरलेले नाहीत’ एवढं ऐकून जुने स्पीकर उचलणाऱ्यांना मी मनातल्या मनात हसतो. या खेपेला उचलणारा मीच होतो.

(टेबलावर दोन्ही पेट्या, शेजारी शेजारी.)

ही जोडी सहसा पाहायला मिळत नाही. सुटे भाग नाहीत, सर्किटचा नकाशाही कुठे सापडला नाही. म्हणजे डाव्याबद्दल काही विचारायचं तर उजव्यालाच, आणि उजव्याबद्दल डाव्याला.

पेटी लहान, वजन मात्र हाताला जाणवण्याइतकं. पुढे-मागे कुठेही भोक नाही, पूर्ण बंद. ही कल्पना एडगर विल्चर यांची. १९५४ साली त्यांनी हेन्री क्लॉस यांच्यासोबत अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये ‘अकूस्टिक रिसर्च’ ही कंपनी काढली. तोवर चांगला खर्ज हवा असेल तर कपाटाएवढी पेटी लागायची. विल्चर यांनी कोनाला, म्हणजे पुढे-मागे हलून आवाज काढणाऱ्या पडद्याला, आवरून धरणारी बांधणीच ढिली केली आणि पेटीत कोंडलेल्या हवेला स्प्रिंगचं काम दिलं. कोन आत गेला की हवा दाबली जाते, आणि तीच त्याला परत ढकलते. त्यामुळे पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या पेटीतून खर्ज निघू लागला. अर्थात फुकट नाही. असे स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरला घाम फोडतात.

म्हणूनच नवं कडं जरा कडक निघालं, किंवा पेटीला केसाएवढी फट राहिली, तर सगळा हिशेब फसतो.

(कापसाचा बोळा, कोनाची कड.)

सगळ्यात जास्त वेळ खातो तो जुना गोंद. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं भिजवायचा, मऊ झाला की बोथट पात्यानं खरवडायचा. कोन कागदाचा आहे. घाई केली की गोंदाबरोबर कागदाचा पापुद्राही निघून येतो. नंतर मधली टोपी कापून व्हॉइस कॉइल (कोनाला मागून चिकटलेली तारेची गुंडाळी) आणि आतल्या लोखंडी गाभ्याच्या फटीत प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या सरकवल्या, म्हणजे गोंद सुकेपर्यंत कॉइल बरोबर मध्ये राहते. दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढल्या, दोन्ही हातांच्या बोटांनी कोन हळूच दाबला आणि कान लावला. काहीच ऐकू येऊ नये. घासल्याचा बारीकसा ‘खर्र’ आला, की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

एक सांगून ठेवतो. लोहचुंबकापाशी स्क्रूड्रायव्हर नेताना दुसरा हात आडवा धरा. असाच एकदा तो माझ्या हातून खेचला गेला आणि कोनाच्या आरपार गेला. हा स्पीकर नव्हे, जुनी गोष्ट आहे.

(मल्टीमीटरचा आकडा.)

क्रॉसओव्हर म्हणजे खर्ज वूफरकडे आणि बारीक, उंच आवाज ट्वीटर या छोट्या स्पीकरकडे वाटून देणारं सर्किट. त्यातला ट्वीटरच्या वाटेवरचा कपॅसिटर ८ मायक्रोफॅरडचा. उजव्यात भरला ९.६, डाव्यात ११.२. दोन्ही बदलले. महागडे फिल्म कपॅसिटर घालायचा मोह होतोच. पण जुन्या, इलेक्ट्रोलिटिक जातीच्या कपॅसिटरला स्वतःचा थोडा रोध असतो आणि आखणाऱ्यानं तो धरूनच ट्वीटरची पातळी बसवलेली असू शकते. मी नवे, पण त्याच जातीचे घातले.

तेव्हाच लक्षात आलं की उजव्या पेटीत लाल तार ट्वीटरच्या उणे टोकाला जोडलेली आहे. डाव्यात ती अधिक टोकाला, जशी असावी तशी. म्हटलं, कारखान्यातली चूक दिसतेय. सोल्डरवर हिरव्या रंगाचा एक ठिपका होता, तो खरवडला आणि तार सरळ केली.

पेट्या बंद केल्या. एकच मोनो आवाज दोघांना दिला, एका बाईंचं वाचन. आवाज बरोबर मध्ये उभा राहिला. जोडी जमली होती. पण बाई तोंडावर हात धरून बोलत होत्या. व्यंजनं बोथट, मधेच काहीतरी पोकळ.

(डाव्या पेटीचे स्क्रू, जवळून.)

डावी पुन्हा उघडताना दिसलं: तीन स्क्रू जुने, चौथा वेगळा. ट्वीटरवरचं सोल्डर चकचकीत. ठिपका नाही. इथे माझ्याआधी कुणीतरी येऊन गेलं होतं.

या क्रॉसओव्हरमध्ये ट्वीटरच्या वाटेवर एक कपॅसिटर, एक कॉइल. वूफरच्या वाटेवरही तेच दोन. अशा रचनेत, ज्या पट्ट्यात दोघे मिळून आवाज काढतात तिथे एकाची लाट दुसऱ्याच्या नेमकी उलटी पडते. एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि आवाज तिथेच खाल्ला जातो. म्हणून पुष्कळदा ट्वीटर मुद्दाम उलटा जोडतात. आधीच्या माणसाला ती चूक वाटली. मलाही वाटली. फरक इतकाच, की त्यानं एक पेटी सुधारली आणि मी दुसरी.

आधी फक्त उजव्याची तार पूर्ववत केली आणि दोन्ही आळीपाळीनं ऐकले. डाव्यातून तोच हात धरलेला आवाज. उजव्यातून बाईंचा ‘श’ स्वच्छ, श्वाससुद्धा.

(सोल्डरिंग आयर्नचा धूर. नंतर पेन्सिल.)

डावाही उलटा केला. झाकण लावण्याआधी आतल्या फळीवर पेन्सिलीनं लिहिलं: ‘लाल तार उणेलाच आहे. सरळ करू नये.’

उजव्यातही तेच लिहिलं. हिरवा रंग मात्र घरात नव्हता.