आधी फोटो, मग किल्ली

श्रोतेहो, नमस्कार.

आज चाकांबद्दल बोलायचंय. टायर बदलायला गाडी दुकानात सोडली, बॅलन्सिंगला दिली, आणि परत आली ती रिमला ओरखडे घेऊन, नाहीतर नटाचे आटे घालवून. मग काय करायचं? कायद्याची माहिती तशी थोडीच आहे. पण त्याआधी पाटणची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही, हे घरच्यांना पाठ झालंय.

दसऱ्याचा दिवस. गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, बॉनेटवर स्वस्तिक काढलं आणि चारी चाकांना हळदकुंकू. हे खातं आमच्या सौभाग्यवतींचं. त्या कुंकू लावत पुढे आणि मुलगी मोबाइल घेऊन मागे. एकेका चाकाचा वेगळा फोटो! मी म्हटलं, "अगं, चाकांचे कसले फोटो काढतेस?" तर म्हणाली, "बाबा, आजीला पाठवायचेत." आजी सोलापूरला. तिला प्रत्येक चाकाचं कुंकू बघायचं असतं.

सहाव्या दिवशी मी चारी टायर बदलायला टाकले. चिपळूणला भाचीचा साखरपुडा होता, वाटेत कुंभार्ली घाट, आणि टायर गुळगुळीत झालेले. आमच्या गाडीला अलॉय व्हील आहेत. माझं विचाराल तर लोखंडी डिस्क आणि वर प्लॅस्टिकची टोपी यासारखं सुख नाही. खड्ड्यात वाकली तर ठोकून सरळ होते. पण घरात माझं ऐकतंय कोण? असो.

दुकान चकाचक. काचेची खोली, एसी, चहा. मी चहा पीत वर्तमानपत्र वाचत बसलो. गाडीकडे पाठ करून बसलो, हे लक्षात ठेवा. तासाभरानं गाडी तयार. पैसे दिले, घरी आलो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला सांगली सोडली.

कऱ्हाड मागे पडलं, आणि पाटणच्या अलीकडे पुढच्या डाव्या चाकातून आवाज यायला लागला. टक... टक... टक. रस्त्याकडेला पत्र्याचं पंक्चरचं दुकान दिसलं, तिथं थांबलो. दुकानदार साठीचा, डोक्याला मफलर. त्यानं पाना लावला, तर दोन नट हातानं फिरावेत इतके सैल. चौथा नट मात्र हलेचना. तो तिरका बसलेला होता आणि तसाच हवेच्या गननं दाबून कोंबलेला. स्टडचे, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या खिळ्याचे, आटे पार खाल्लेले. श्रोतेहो, पुढे घाट होता. मी जास्त काही बोलत नाही.

त्या माणसानं मोटरसायकलवर जाऊन नवा स्टड आणला, जुना ठोकून बाहेर काढला, नवा बसवला. हे चाललं असताना चाक जमिनीवर आडवं पडलेलं. त्यानं रिमच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "सायब, हितं बगा." एक ओरखडा. मी म्हटलं, "फुटपाथला घासलं असेल." त्यानं बोट पुढे नेलं. दुसरा ओरखडा. मग तिसरा, मग चौथा. चारही सारख्या अंतरावर, जणू कुणी मोजून काढलेत. मला म्हणाला, "सायब, रस्त्याला चार दात नसत्यात. मशीनला असत्यात."

टायर उतरवायच्या मशीनची फिरती तबकडी असते, तिला चार पकडी असतात. त्या पकडींवर प्लॅस्टिकची आवरणं असतात. ती झिजून गेली आणि बदलली नाहीत, तर लोखंड थेट अलॉयला चावतं. फुटपाथला घासलं तर एकाच बाजूला लांबलचक खरवड उठते. मशीननं चावलं तर चार खुणा, सारख्या अंतरावर. पुन्हा सांगतो: लांब खरवड रस्त्याची, चार सारख्या खुणा मशीनच्या.

त्यानं बाकीची चाकं बसूनच तपासली. आणखी दोघांना तशाच खुणा. मी फोटो काढले. आणि माझ्या विनंतीवरून त्यानं वहीच्या पानावर लिहून दिलं, नट तिरका बसवल्यानं आटे गेले, स्टड नवीन टाकला. खाली तारीख, सही. मजुरीचे फक्त शंभर रुपये घेतले.

चिपळूणला पोचलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या आणि बुफेची रांग लागली होती. साखरपुड्याला बुफे! ताट हातात घेऊन उभ्यानं मठ्ठा पिणं हा काय प्रकार आहे, मला अजून कळलेलं नाही. पंगत बसवायला काय होतं? असो, तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे.

सोमवारी दुकानात गेलो. मालक शांतपणे म्हणाले, "हे आधीचंच आहे हो काका." सगळे हेच म्हणतात. मी मोबाइल पुढे केला. दसऱ्याचं चाक, कुंकू लावलेलं, तारखेसकट. मालकांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, बराच वेळ बघितला, आणि म्हणाले, "कुंकवाखाली असतील ओरखडे."

आता बोला!

कुंकवाचं बोट एका जागी आणि खुणा चार जागी, हे मी त्यांना समजावत बसलो नाही. तिथंच बसून दोन प्रतींत तक्रार लिहिली, एकीवर पोच घेतली. आठ दिवसांची मुदत दिली.

वेळ थोडा उरलाय, म्हणून भराभर सांगतो. आधी फोटो, मग किल्ली. दुकानात किल्ली देण्यापूर्वी चारी चाकांचे फोटो काढा, जॉबकार्डवर, म्हणजे दुकानातल्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, चाकांची अवस्था लिहून घ्या, आणि बिल पक्कं घ्या. "बिल हवं असेल तर जीएसटी लागेल" म्हणतात, तो लागू दे. बिल नसेल तर तुम्ही तिथे गेला होता याला पुरावा काय?

"गाडी मालकाच्या जबाबदारीवर" असा फलक असतो. त्याला घाबरू नका. ताब्यात घेतलेली दुसऱ्याची वस्तू शहाण्या माणसानं स्वतःची सांभाळावी तशी सांभाळायची, हे १८७२ च्या करार कायद्यात लिहिलंय. दिल्लीत १९९८ साली हॉटेलच्या ताब्यात दिलेली मारुती झेन चोरीला गेली होती. त्या प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की असा मजकूर छापला म्हणून निष्काळजीपणाची जबाबदारी टळत नाही.

दुरुस्तीची मजुरी मिळेपर्यंत दुकानदार गाडी अडवू शकतो, तो हक्क त्याला त्याच कायद्यानं दिलाय. तेव्हा भांडत बसू नका. पैसे द्या, पण बिलावर लिहा, "तक्रार राखून पैसे दिले."

लेखी तक्रारीला दाद मिळाली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. एक, नऊ, एक, पाच. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकान कुठेही असो. मुदत दोन वर्षांची. सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लागतोच असंही नाही.

आणि हो, नवीन चाकं बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या. मी पाटणपर्यंत थांबलो होतो.

आमचं प्रकरण आयोगापर्यंत गेलं नाही. सातव्या दिवशी मालकांचा फोन आला. स्टडचे पैसे परत मिळाले आणि खुणा असलेली तीन चाकं त्यांनी रंगवून दिली. रंग मात्र जुळला नाही. तीन चाकं पांढुरकी चंदेरी, आणि चौथं, मागचं उजवं, मूळच्या गडद रंगाचं. पुढच्या दसऱ्याला सोलापूरला फोटो गेले, तर आजीचा लगेच फोन. "एक चाक धुवायचं राहिलंय का रे?"

नमस्कार.